उंचावरचे गोल्फ, उतारावरचे पाणी

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. गोव्याहून चोर्ला घाट चढून येताना कणकुंबीजवळ गार वारा लागला की ही उंची अंगाला कळते; एरवी आपण ती विसरलेलो असतो. गोल्फच्या चेंडूला ती विसरता येत नाही. इथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के विरळ आहे, त्यामुळे पणजीच्या समुद्रालगत जो फटका २५० यार्डांवर पडेल, तो बेळगावात आणखी सहा-सात यार्ड पुढे जाऊन पडतो. काश्मीरमधले गुलमर्गचे मैदान सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथे हवेची घनता किनाऱ्याच्या पाऊणपटीच्या आसपास उरते आणि तोच फटका २७५ यार्डांपर्यंत जातो. सिक्कीममध्ये कुपुप येथे लष्कराचे याक गोल्फ मैदान तर ३,९७० मीटरवर आहे. तिथे किनाऱ्यावरच्या हवेचा जवळजवळ एक तृतीयांश भाग कमी झालेला असतो.

माझी सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. तलाव, पाट, बांध यांच्यासाठी खानापूर, बेळगाव, हुक्केरी या तालुक्यांत लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (मापांची काठी) घेऊन मी हिंडलो आहे. गोल्फचा माझा संबंध भाच्यामुळे आला. तो बेंगळूरच्या एका कंपनीत उद्याने आणि मैदाने यांचे आराखडे काढतो, आणि गणपतीला घरी आला की कामाचे काहीतरी सोबत आणतोच. गेल्या खेपेला त्याने डोंगरातल्या एका खासगी क्लबच्या मैदानाचा नकाशा आणला होता. मैदान परदेशातले, सभासदांशिवाय कोणाला आत जाता येत नाही असे, आणि भाच्याला ते अभ्यासासाठी मिळालेले. आरती झाल्यावर आम्ही तो नकाशा माजघरात जमिनीवरच पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार पितळी वाट्या ठेवल्या.

गोल्फच्या खुणा पुसून टाकल्या असत्या तरी मला तो नकाशा वाचता आला असता. एकेक मीटर उंचीच्या फरकाने काढलेल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, होत्या. वरच्या कड्याशी त्या इतक्या दाटल्या होत्या की कागद तिथे काळा दिसत होता, आणि खालच्या अंगाला ओढ्याजवळ त्या सैल होत गेल्या होत्या. रेषा जिथे जिथे डोंगराच्या दिशेने आत वळतात तिथे घळ असते आणि घळीत पाणी असते, हे मोजणी करणाऱ्याला शाळकरी वयातल्या पाढ्यांइतके पाठ असते. मी बोटाने एकेक घळ वरून खाली उतरत गेलो. पाचव्या होलचे, म्हणजे खेळाच्या पाचव्या टप्प्याचे, ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) एका घळीच्या तोंडाशी, तिच्या थोडे बाजूला, ठेवलेले दिसले. त्याच्या वरच्या अंगाला एक तुटक निळी रेषा अर्धवर्तुळात ग्रीनला वळसा घालून जात होती. भाचा म्हणाला, "मामा, चेंडू कुठं जातोय ते सगळे विचारतात. तुम्ही पाणी कुठं जातंय ते बघूलाय." मी म्हटले, "ज्यानं हे काढलंय त्यानंही आधी तेच बघितलंय की."

उंचावरच्या मैदानात आखणाऱ्याचे खरे काम कोणते, याविषयी माझे मत त्या संध्याकाळी बनले आणि नंतर जे जे वाचले त्याने ते पक्के होत गेले. विरळ हवेचे गणित लोकांना फार आकर्षक वाटते, आणि ते आहेही; पण ते गणित शेवटी अंतरे वाढवून सुटते. उतारावरून येणारे पाणी अंतरे वाढवून सुटत नाही. डोंगरावरचे मैदान चांगले की वाईट हे त्याने पाण्याला दिलेल्या वाटेवरून ओळखावे, असे मला वाटते.

तरी हवेचा भाग आधी नीट सांगायला हवा. विरळ हवेत चेंडूला अडथळा कमी होतो, म्हणून तो दूर जातो, हे सहज समजते. पण त्याच हवेमुळे फिरत्या चेंडूला मिळणारी उचलही कमी होते. म्हणून तो किनाऱ्यावरच्यापेक्षा कमी उंच चढतो, डावीकडे-उजवीकडे कमी वळतो आणि जमिनीवर अधिक तिरका येऊन पुढे घरंगळतो. वाढ टक्क्यांत होत असल्यामुळे ती सर्वांना सारखी मिळत नाही. २५० यार्ड मारणाऱ्याला १० टक्क्यांनी २५ यार्ड मिळतात, १५० यार्ड मारणाऱ्या वयस्क खेळाडूला १५. दोघांमधले अंतर १०० यार्डांचे ११० होते. सपाटीवर जिथे बंकर (वाळूचा खड्डा) खोदल्यावर लांब मारणारा सावध होतो, तिथे खोदलेला बंकर उंचावर त्याच्या वाटेतच येत नाही आणि नेमका दुबळ्या खेळाडूच्या वाटेत येतो. म्हणून प्रत्येक होलच्या टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा, एकमेकींपासून अधिक लांब ठेवाव्या लागतात, ग्रीनच्या समोरचा भाग चेंडू घरंगळत यायला मोकळा सोडावा लागतो आणि ग्रीन समोरून मागपर्यंत थोडे लांबही ठेवावे लागते.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात कॅसल पाइन्स नावाचा खासगी क्लब आहे. जॅक विकर्स या तेलव्यवसायिकाने तो उभारला आणि जॅक निक्लॉस यांनी त्याचे मैदान आखले. ते १९८१ मध्ये सुरू झाले. मैदान ६,००० फुटांहून अधिक उंचीवर, पाइनच्या झाडीत, डोंगराच्या पायथ्याशी चढत-उतरत जाते. १९८६ ते २००६ या काळात तिथे व्यावसायिक खेळाडूंची एक स्पर्धा होत असे आणि तिची गुण देण्याची पद्धत निराळी होती. होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी लागला (बर्डी) तर २ गुण, दोन कमी लागले (ईगल) तर ५, ठरलेले तेवढेच (पार) लागले तर शून्य, एक जास्त (बोगी) लागला तर एक गुण वजा. म्हणजे धाडस करून साधले तर मोठा लाभ आणि चुकले तर बेताचे नुकसान. उतारावरून दरीपलीकडचे ग्रीन गाठण्याचा मोह जिथे पदोपदी होतो, तिथे हा हिशेब अगदी चपखल बसला. २०२४ मध्ये याच मैदानावर व्यावसायिकांची मोठी स्पर्धा पुन्हा झाली तेव्हा त्याची लांबी ८,१३० यार्ड ठेवली होती. अमेरिकेच्या व्यावसायिक मालिकेत एवढे लांब मैदान त्याआधी कधी नव्हते. चीनमधल्या युन्नान प्रांतात लीज्यांगजवळ, सुमारे ३,१०० मीटरवर, बर्फाच्या शिखरासमोर असलेल्या एका मैदानाची लांबी ८,५४८ यार्ड आहे. मोंटाना राज्यातल्या मूनलाइट बेसिनमध्ये निक्लॉस यांनीच आखलेल्या खासगी मैदानात सतरावा होल ७७७ यार्डांचा आहे.

हे आकडे ऐकून छाती दडपते, पण मला ते फारसे पटत नाहीत. हवा विरळ आहे म्हणून मैदान लांबवायचे, मैदान लांबले म्हणून डोंगर अधिक कापायचा, गवत अधिक वाढवायचे, पाणी अधिक चढवायचे. लांबी एका टोकाला वाढली की तिचा भार दुसऱ्या टोकाला जमिनीवर येतो. कॅसल पाइन्सच्या गुणपद्धतीत मला जी अक्कल दिसते ती लांबीत दिसत नाही. तिथे जागेचा स्वभाव ओळखून खेळाचा नियम बदलला, जमीन होती तशी राहिली.

आता चढ-उताराविषयी. सपाटीवर १८ होलांच्या मैदानाला साधारण १५० ते २०० एकर जागा लागते. डोंगरात त्याहून जास्त लागते, कारण मधले कितीतरी तुकडे खेळायच्या उपयोगाचे नसतात. आखणारा माणूस आधी डोंगरात आडव्या जाणाऱ्या सपाट पट्ट्या शोधतो, म्हणजे समोच्च रेषांना धरून चालत गेल्यावर ज्यांत पाय फारसा वाकडा पडत नाही असे भाग. फेअरवे, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतचे कापलेल्या गवताचे पट्टे, शक्यतो त्यांवर टाकायचे, उंची चढायची ती एका ग्रीनवरून पुढच्या टीपर्यंतच्या पायवाटेत चढायची, आणि टीवरून मारताना चेंडू खाली जाईल असे बघायचे. अडीच हजार मीटरवर माणसाचा श्वास लवकर फुलतो. त्यामुळे शेवटचा होल चढाचा ठेवणारा आराखडा कागदावर कितीही देखणा असला तरी खेळणाऱ्याच्या छातीचा विचार त्यात झालेला नसतो. क्लबची इमारत शिखरावर न बांधता मधल्या उंचीवर बांधली की पहिले नऊ आणि पुढचे नऊ होल दोन बाजूंनी फिरून तिथेच येतात आणि चढ वाटला जातो. माझ्यासमोरच्या नकाशात इमारत मधल्याच एका टप्प्यावर होती. मालकाला शिखरावरून दिसणारा देखावा सोडून द्यायला लावणे सोपे गेले नसणार, असे भाचा म्हणाला, आणि मला त्या अनोळखी आखणाऱ्याविषयी आदर वाटला.

उन्हाचाही हिशेब असतो. पहिले होल पूर्वेकडे आणि शेवटचे पश्चिमेकडे नेले तर खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर सकाळ-संध्याकाळ ऊन येते, हे सपाटीलाही लागू आहे. डोंगरात त्यात दहिवराची भर पडते. गोठलेल्या गवतावर पाय पडला की पात्यांमधल्या पेशी फुटतात आणि ऊन वर आल्यावर पावलांचे काळे ठसे उमटतात, ते बरेच दिवस जात नाहीत. म्हणून थंडीत सकाळचे ऊन कोणत्या उतारावर आधी पोहोचते ते पाहून ग्रीनची जागा ठरते. बर्फाखाली महिनोन्महिने दबून राहिलेल्या गवताला बुरशी धरते, राखाडी किंवा गुलाबी चकत्यांची, आणि वसंतात बर्फ वितळल्यावर ती दिसते. आपल्याकडच्या उन्हात तग धरणारी हरळी तिथे चालत नाही. थंडीला सोसणारे बारीक पात्याचे बेंट गवत लावावे लागते, आणि त्याची वाढ वर्षातले काही महिनेच होते. त्यामुळे एकदा खराब झालेले ग्रीन भरून यायला सपाटीच्या मानाने कितीतरी अधिक काळ लागतो.

मूळ मुद्दा पाण्याचा. उतारावर पाणी दोन प्रकारे येते. एक जमिनीवरून, ते सर्वांना दिसते. दुसरे जमिनीच्या पोटातून, ते डोंगर कापेपर्यंत दिसत नाही. उतारात ग्रीनसाठी सपाट टप्पा काढायचा म्हणजे वरची बाजू कापायची आणि ती माती खालच्या बाजूला भरायची. कापलेल्या भिंतीतून पोटातले पाणी पाझरू लागते, भरलेली माती ओली राहते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत टप्प्याची खालची कड खचते. त्यावरचा उपाय म्हणजे ती तुटक निळी रेषा. ग्रीनच्या वरच्या अंगाला, कापण्याच्या जागेच्याही वर, चर खणायचा, तळाशी भोकांचा पाइप टाकायचा, खडी भरायची, आणि पोटातले पाणी ग्रीनपर्यंत येण्याआधीच उचलून बाजूने नेऊन मूळच्या ओढ्यात सोडायचे. ओढ्यात सोडण्याची जागाही दगडांनी बांधून घ्यायची, नाहीतर तिथे नवी घळ पडते.

खुद्द ग्रीनच्या पोटातली रचना मला फार आवडली. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० मध्ये तिची मापे ठरवून दिली आणि आजही जगभर बहुतेक त्यांवरूनच ग्रीन बांधतात. सर्वांत खाली निचऱ्याचे पाइप, त्यांवर ४ इंच खडी, खडीवर १२ इंच वाळूप्रधान माती आणि त्यावर गवत. बारीक वाळूखाली एकदम जाड खडी असली की पाणी लगेच खाली उतरत नाही. वाळूच्या बारीक छिद्रांमधली ओढ पाण्याला धरून ठेवते, आणि वाळू खालून पुरती भिजली की मगच जादा पाणी खडीत उतरते. त्यामुळे उन्हाळ्यात मुळांपाशी ओल टिकते आणि मुसळधार पावसात ग्रीनवर तळे साचत नाही. दोन विरुद्ध गरजा एकाच थरात भागवणारी इतकी साधी युक्ती मी माझ्या कामातही क्वचितच पाहिली.

पाणी चढवण्याचाही प्रश्न असतो. उंचीतल्या दर १० मीटरला नळातला दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलोने बदलतो. तळातल्या तळ्यातून १०० मीटर वरच्या टीला पाणी द्यायचे तर पंपाला तेवढा दाब द्यावा लागतो, आणि त्याच नळावरचे खालचे फवारे त्या दाबाने फुटतील म्हणून टप्प्याटप्प्यावर दाब उतरवणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात. नकाशात सर्वांत खालच्या ओढ्याच्या काठी दोन तळी होती. मैदानावरून वाहून आलेले पाणी त्यांत साठायचे, गाळ बसायचा, आणि तेच पाणी पुन्हा वर जायचे. खते आणि औषधे ज्या गवताला दिली त्याचे पाणी थेट ओढ्यात जाऊ नये, हा त्यामागचा दुसरा हेतू. भाच्याने मला विचारले, "तळी शोभेची वाटतात, नव्हे?" मला ती त्या नकाशातली सर्वांत जबाबदार जागा वाटली.

आमचे शेत जांबोटीच्या बाजूला, उतारावरच्या भाताच्या खाचरांचे. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आबा फावडे घेऊन आधी वरच्या रानात जात. वरून येणाऱ्या पाण्याने या वर्षी कोणती वाट धरली आहे ते पाहत, दोन-चार दगड हलवत, आणि मग खाली येऊन बांधांना हात लावत. आम्हा मुलांना ते म्हणत, "आधी वर जाऊन बघा, मग खाली बांध घाला." वरच्या खाचरातून खालच्यात पाणी कुठे सोडायचे ती जागा दरवर्षी नव्याने ठरत असे आणि त्यावरून शेजाऱ्याशी बोलणे होत असे, कधी वादही होत. कारण आमच्या शेवटच्या बांधावरून गेलेले पाणी त्याच्या पहिल्या खाचरात उतरत होते. त्या खासगी क्लबच्या नकाशावर कुंपणाची जाड रेषा होती आणि ओढा ती रेषा ओलांडून कागदाच्या कडेला संपला होता. पुढे कोणाचे खाचर आहे ते कागदावर नव्हते.

डोंगर डोळ्यांना फसवतो, हे गोल्फ खेळणारे आणि मोजणी करणारे दोघेही जाणतात. ग्रीनवर उभे राहिले की समोरचा मोठा उतार डोळा सपाट धरून चालतो, आणि त्याच्या मानाने हलका उतार उलट्या दिशेचा भासतो. चेंडू चढावर चालला आहे असे वाटत असताना तो उतरत असतो. म्हणून डोंगरातले खेळाडू चेंडू पहाडापासून दूर वळणार असा आडाखा बांधतात. नवा पाट खणताना पाणी उलटे कसे जाईल म्हणून गावकरी हटून बसल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. पाणी सोडल्यावर ते लेव्हलने सांगितलेल्या बाजूलाच गेले. आखणाऱ्याने या भासाचा उपयोग करावा, पण बेताने. ज्या जागी भोक ठेवायचे तिथला उतार शंभराला तीनपेक्षा जास्त झाला की चेंडू थांबत नाही, मग तो खेळ राहत नाही.

मैदान डोंगराशी जुळवून घेण्याचा विषय निघाला की कॅनडातल्या स्टॅन्ली थॉम्पसन यांचे नाव घ्यावेच लागते. जॅस्परचे त्यांचे मैदान १९२५ मध्ये खुले झाले. रानातले ओंडके आणि धोंडे हलवायला तेव्हा घोड्यांच्या जोड्या होत्या, यंत्रे नव्हती. त्यांनी तिथे अनेक टी ग्रीनमागच्या एखाद्या शिखराकडे तोंड करून ठेवल्या आणि ग्रीनभोवतीच्या उंचवट्यांना त्या शिखरांच्या आकाराची रेघ दिली. बॅन्फच्या मैदानात १९२७ मध्ये हिमकडा कोसळून दरीत एक तळे तयार झाले, तेव्हा त्यांनी ते आराखड्यात घेतले आणि उंचावरच्या टीवरून तळ्यापलीकडच्या वाटीसारख्या ग्रीनवर मारायचा होल तिथे केला. तो आज त्या मैदानाची ओळख झाला आहे. त्याच काळातले ॲलिस्टर मॅकेन्झी मूळचे डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात बोअर सैनिकांनी जमिनीत बेमालूम मिसळलेले खंदक त्यांनी पाहिले आणि पुढे बंकर खोदताना ते मुळचेच वाटावेत याचा ध्यास घेतला. मात्र माती हलवायला घोडे असतील तर माणूस आपोआपच थोडी हलवतो. आता डोंगरच्या डोंगर महिन्याभरात हलवता येतो, तेव्हा तो न हलवण्याला आखणाऱ्याचा निश्चय लागतो आणि मालकाची संमती लागते.

खासगीपणाची एक चांगली बाजू आहे, ती मान्य करतो. मोजके सभासद असले की गवतावर पावले कमी पडतात, रफ, म्हणजे कडेचे न कापलेले गवत, रानटी ठेवता येतो, एखादा होल लोकांना अवघड जाईल म्हणून डोंगर कापून सोपा करावा लागत नाही. पैशाची निकड नसलेला मालक जमिनीला हात न लावण्याची चैन करू शकतो. पण ज्या मैदानावर बाहेरचे कोणी येत नाही, तिथले वरचे चर तुंबले, तळ्यातले पाणी ओढ्यात सुटले, तर ते खालच्या गावाला पाण्याचा रंग बदलल्यावरच कळते. गुलमर्गला पर्यटक मैदानाच्या कडेने फिरतात, सिमल्याजवळ नालदेऱ्याला देवदारांमधून कोणीही डोकावू शकतो. कर्झनसाहेबाला ती जागा इतकी आवडली होती की त्याने मुलीचे नाव त्यावरून ठेवले. बंद दाराआडच्या डोंगराला असे चुकून लागणारे डोळे नसतात.

नकाशा गुंडाळताना भाच्याने मला जो प्रश्न विचारला त्यासाठीच खरे तर हे लिहायला घेतले. "मामा, आपल्याकडं चोर्ल्याच्या वरच्या सड्यावर असं मैदान झालं तर? मोकळी जागा, गार हवा, गोवा जवळ. झाड एक तोडायला लागणार नाही." प्रश्न त्याने मनापासून विचारला होता, आणि वरवर पाहता त्यात चूक काही नव्हते. सडा, म्हणजे जांभ्या खडकाचे पठार, सपाट असतो, झाडे खुरटी असतात, उन्हाळ्यात तो काळा-तांबडा ओसाड दिसतो. पण मी त्याला दुसऱ्याच दिवशी गाडीवर बसवून वर घेऊन गेलो. भाद्रपदाचे दिवस होते. जांभ्याच्या खळग्यांत बोटभर पाणी साचले होते आणि त्याच्या कडेने सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ठिपके, गेंदांच्या पांढऱ्या गुंड्या आणि कवल्याचा पिवळा पट्टा पसरला होता. माती म्हणाल तर कुठे दोन बोटे, कुठे तीही नाही. मी त्याला गुडघे टेकून जांभ्याला कान लावायला सांगितले. खाली कुठेतरी पाणी झिरपत होते, ते ऐकू येत होते.

जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून खाली मुरतो, खालच्या चिकण थरावर अडतो, आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. मलप्रभा कणकुंबीला साधारण ७९२ मीटर उंचीवर उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. वाटेत सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणातून हुबळी-धारवाडला प्यायचे पाणी जाते. त्याच खानापूर तालुक्यातून म्हादई पश्चिमेकडे गोव्यात उतरते. एकाच पाऊसकाळातले पाणी जिथून दोन समुद्रांकडे वाटले जाते, अशी ही जागा आहे. गोल्फचे गवत जांभ्यावर उगवत नाही. शंभरेक एकरांवर फूटभर माती आणून पसरावी लागेल, खळगे बुजतील, छिद्रे गाळाने भरतील, आणि जे पाणी पोटातून हळूहळू खाली जात होते ते वरून एकदम धावत खाली जाईल. पावसाळ्यात ओढे फुगतील आणि मार्चमध्ये झरे आटतील. एक झाड न तोडता हे सगळे होऊ शकते. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमध्ये राहणारे रॉटनचे वटवाघूळ फार वर्षे जगात फक्त तिथेच माहीत होते. ते कीटकांवर जगते, आणि जिथे गवताला कीटकनाशके द्यावी लागतात तिथे त्याचे काय होईल याचा विचार करायला मोठे शास्त्र लागत नाही. गुलमर्गच्या कुरणात जे शोभते ते सड्यावर शोभणार नाही, असे माझे स्पष्ट मत मी भाच्याला तिथेच सांगितले.

गोल्फला माझा विरोध नाही. बेळगावातच छावणीच्या बाजूला कितीतरी वर्षांचे गोल्फचे मैदान आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये शहरात शिरलेला बिबट्या त्याच्याच झाडीत लपला होता. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलूहून हत्ती आणून शोध झाला, तरी तो हाती लागला नाही. लोकांना तेव्हा भीती वाटली, मलाही वाटली. पण भर वस्तीत बिबट्याला दिवसच्या दिवस लपता येईल एवढे रान एका खेळाच्या मैदानाने राखले होते, हेही त्यातून दिसले. जागा योग्य असेल आणि आखणाऱ्याने हात राखून काम केले असेल तर मैदान रानाला सांभाळू शकते.

भाचा आता उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका खासगी मैदानाच्या प्राथमिक पाहणीवर आहे. त्याचा फोन आला तेव्हा मी त्याला एवढेच सांगितले की मोजणी दिवाळीनंतर उरकून टाकू नको, कारण तेव्हा सगळेच ओढे वाहत असतात आणि सगळेच झरे खरे वाटतात. मे महिन्यात जा. आमच्याकडे कोणत्या घळीत बारमाही पाणी आहे हे गवळी धनगरांच्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते. तसे तिथेही गुरे-मेंढ्या चारणारे कोणी असतील, त्यांना सोबत घे. त्यांनी दाखवलेला प्रत्येक झरा नकाशावर टाक, त्याचे पाणी कुंपणाबाहेर कोणत्या गावात जाते ते टाक, त्या गावात जाऊन पाणी मोजून ये, आणि त्यानंतरच पहिल्या ग्रीनची खुंटी ठोक. मालकाला घाई असेल तर तसे सांगून बघ, ऐकतो का. भाचा म्हणाला, "बघतो की, मामा." परवा त्याने नकाशाचा फोटो पाठवला. त्यात एकही होल काढलेला नाही. सात निळे ठिपके आहेत, प्रत्येकापुढे लिटरचा आकडा आणि तारीख घातली आहे, आणि कुंपणाच्या रेषेपलीकडे दोन गावांची नावे लिहिली आहेत.